आईचा इको, मामाचा इको : रक्तदाबाने हृदय बदलतं, पण ते मोजायचं कोणत्या फुटपट्टीने?

मागच्या दिवाळीत सफाळ्याला घरी गेले तेव्हा टेबलावर दोन टू-डी इको रिपोर्ट पडलेले होते. एक आईचा, एक मामाचा. दोघांनाही बीपी. आई स्टेशनचा पूल चढताना मध्येच दोनदा थांबायला लागली होती, म्हणून मामा तिला तपासणीला घेऊन गेला आणि जाताजाता स्वतःचाही इको करून आला. दोन्ही रिपोर्टवर शेवटी तेच वाक्य : ईएफ ६० टक्के, नॉर्मल स्टडी. मामा म्हणाला, "बघ, दोघंही पास!"

मी हृदयरोगतज्ज्ञ नाही. जीवशास्त्रात एम.एस्सी. करून पीएचडी करतेय, आणि त्या नादाने कुठलाही तक्ता दिसला की आधी उजवीकडचा रकाना वाचते. त्या रकान्यात नॉर्मलची मर्यादा छापलेली असते. हृदयाच्या पडद्याची जाडी : ६ ते ११ मिलिमीटर. आईच्या रिपोर्टवर तेच, मामाच्याही रिपोर्टवर तेच. आईची जाडी होती ११, मामाची १०. म्हणजे दोघंही खरंच पास. पण आईची उंची १५० सेंटिमीटर, वजन ५२ किलो. मामा १६८ सेंटिमीटर, ६६ किलो. दोघांना एकच फुटपट्टी कशी चालेल, हा प्रश्न तिथे सुरू झाला. पुढचे दोन आठवडे मी 'उच्च रक्तदाबाने स्त्री-पुरुषांचं हृदय वेगवेगळं बदलतं का' यावरचे निबंध वाचत बसले. हे लिखाण त्या वाचनावरची टीका आहे. तुम्ही नेट-सेटचा अभ्यास करत असाल, पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करत असाल, तर निबंध वाचताना कुठे थांबायचं याचा हा एक नमुना समजा.

आधी यंत्र समजून घेऊ

हृदयाचा डावा खालचा कप्पा, म्हणजे लेफ्ट व्हेंट्रिकल, रक्त शरीरभर ढकलतो. समोरचा दाब वाढला की त्याच्या भिंतीवरचा ताण वाढतो. हा ताण लाप्लासच्या नियमाने काढतात : दाब गुणिले कप्प्याची त्रिज्या, भागिले भिंतीच्या जाडीची दुप्पट. दाब वाढला आणि ताण पूर्वीइतकाच ठेवायचा असेल तर एकच सोपा मार्ग उरतो, भागाकारातली जाडी वाढवायची. स्नायूपेशी शेजारी शेजारी नवे तंतू रचतात आणि भिंत जाड होते. याउलट कप्प्यात रक्ताचं प्रमाणच जास्त येत असेल तर तंतू एकापुढे एक रचले जातात आणि कप्पा पसरतो. ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये हे चित्र मांडलं आणि आजही ते शिकवलं जातं.

यातून चार प्रकार पडतात. हृदयाचं वजन वाढलेलं आहे की नाही, आणि पोकळीच्या मानाने भिंत जाड आहे की नाही, असे दोन प्रश्न. वजन वाढलं आणि भिंतही जाड, तर कॉन्सेंट्रिक हायपरट्रॉफी. वजन वाढलं पण पोकळीही मोठी झाली, तर एक्सेंट्रिक. वजन ठीक पण भिंत तुलनेने जाड, तर कॉन्सेंट्रिक रिमॉडेलिंग. दोन्ही ठीक, तर नॉर्मल. १९९२ मध्ये गानाऊ आणि सहकाऱ्यांनी औषध न घेतलेल्या १६५ बीपीच्या रुग्णांची अशी वाटणी केली. निम्म्याहून थोडे जास्त, ५२ टक्के, नॉर्मल निघाले. एक्सेंट्रिक २७ टक्के, कॉन्सेंट्रिक रिमॉडेलिंग १३ टक्के, आणि पाठ्यपुस्तकात ज्याचं चित्र छापतात ती कॉन्सेंट्रिक हायपरट्रॉफी फक्त ८ टक्के. पाठ्यपुस्तकातलं चित्र आणि रांगेतला माणूस यांत एवढं अंतर असू शकतं, हे इथेच लक्षात ठेवा.

दावा काय आहे?

दावा असा : त्याच बीपीला बाईचं हृदय आत जाड होतं, पुरुषाचं बाहेर पसरतं. याला आधार आहे. क्रमहोल्झ, लार्सन आणि लेव्ही यांनी १९९३ मध्ये फ्रेमिंगहॅमच्या आकडेवारीवरून, फक्त वरचा आकडा वाढलेल्या लोकांमध्ये, साधारण असंच चित्र दाखवलं. १९९५ मध्ये ऑलिवेट्टी आणि सहकाऱ्यांनी मानवी हृदयं प्रत्यक्ष तपासून सांगितलं की वयाबरोबर पुरुषांच्या हृदयातल्या स्नायूपेशी कमी होत जातात, स्त्रियांच्या मात्र बऱ्याच टिकून राहतात. पेशी कमी झालेली भिंत पसरेल, टिकलेली भिंत जाड होईल, असं दोन्ही निष्कर्ष जोडून म्हणता येतं. शिवाय रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटतं, आणि हृदयातल्या तंतुमय ऊतीवर इस्ट्रोजेनचा परिणाम होतो, हेही माहीत आहे.

गोष्ट इतकी नीट जुळते की वाचणारा लगेच मान डोलावतो. माझंही तेच झालं. गोष्ट जुळली की आपण मापं तपासायचं विसरतो, म्हणून आता मापांकडे येऊ.

पहिली फुटपट्टी : एक मिलिमीटर

हृदयाचं वजन इकोवर कोणी तोलत नाही, ते सूत्राने काढतात. पडद्याची जाडी, मागच्या भिंतीची जाडी आणि पोकळीचा व्यास यांची बेरीज करून तिचा घन करायचा, त्यातून पोकळीचा घन वजा करायचा, आलेल्या आकड्याला ०.८ आणि १.०४ ने गुणायचं आणि वर ०.६ ग्रॅम मिळवायचे. मापं सेंटिमीटरमध्ये.

आईची मापं घ्या : पडदा १.१, मागची भिंत १.१, पोकळी ४.२. बेरीज ६.४, घन २६२.१. पोकळीचा घन ७४.१. वजाबाकी १८८. उत्तर येतं साधारण १५७ ग्रॅम.

आता समजा तंत्रज्ञाने दोन्ही भिंती १ मिलिमीटरने कमी वाचल्या, १.० आणि १.०. उत्तर येतं १३७ ग्रॅम. पेन्सिलीच्या टोकाएवढा फरक आणि २० ग्रॅम गेले! कारण आपण घन करतोय, आणि घन केला की चूकही फुगते. एवढा फरक दोन तंत्रज्ञांच्या हातात सहज पडतो. म्हणून कुठल्याही इकोच्या निबंधात मी आता आधी हे शोधते : मापं किती जणांनी घेतली, एकाच चित्राचं माप दुसऱ्याने पुन्हा घेतलं का, आणि माप घेणाऱ्याला रुग्णाचं बीपी माहीत होतं का. हे लिहिलेलं नसेल तर स्त्री-पुरुषांतल्या पाच-सात ग्रॅमच्या फरकावर उभा केलेला निष्कर्ष मी पेन्सिलीने खुणा करत वाचते.

दुसरी फुटपट्टी : कशाने भागायचं?

१५७ ग्रॅम जास्त की कमी? अमेरिका आणि युरोपातल्या इको तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ मध्ये संयुक्त मापदंड प्रसिद्ध केले. त्यात या पद्धतीने काढलेल्या नुसत्या वजनाची नॉर्मल मर्यादा स्त्रियांसाठी ६७ ते १६२ ग्रॅम आहे. या हिशेबाने आई पास.

पण लहान शरीराला लहान हृदय असतं, म्हणून वजनाला शरीराच्या पृष्ठफळाने भागतात. आईचं पृष्ठफळ साधारण १.४७ चौरस मीटर. भागाकार १०७. स्त्रियांची मर्यादा ९५, पुरुषांची ११५. म्हणजे आई नापास, हायपरट्रॉफी! पोकळीच्या मानाने भिंतीची जाडी काढली तर ती ०.५२ येते, मर्यादा ०.४२. म्हणजे कॉन्सेंट्रिक हायपरट्रॉफी, पाठ्यपुस्तकातली. तोच १०७ हा आकडा पुरुषाचा असता तर मर्यादेच्या आत बसला असता. मामाची मापं याच सूत्रात घातली, दोन्ही भिंती १.० आणि पोकळी ४.८, तर वजन १७० ग्रॅम आणि भागाकार ९७. मामाचं हृदय आईच्या हृदयापेक्षा जड, आणि तरीही तो आरामात पास.

आता गंमत बघा. समजा आईचं वजन ५२ ऐवजी ७० किलो आहे आणि हृदय तेच, १५७ ग्रॅमचं. पृष्ठफळ वाढून १.७१ होतं आणि भागाकार ९२. आई पुन्हा पास. म्हणजे अठरा किलो चरबी चढवली की हायपरट्रॉफी कागदावरून नाहीशी होते. स्थूलपणा हे स्वतःच हृदय जाड होण्याचं कारण असताना, भागाकार त्याला माफ करून टाकतो. म्हणूनच दे सिमोने यांनी १९९२ मध्ये वेगळा भाजक सुचवला : उंचीचा २.७ वा घात. त्याची आज वापरली जाणारी मर्यादा स्त्रियांना ४७ आणि पुरुषांना ५०. आईचा आकडा येतो साधारण ५३, वजन ५२ किलो असो की ७०.

थोडक्यात, एकच हृदय तीन पद्धतींनी मोजलं आणि तीन वेगळी उत्तरं मिळू शकली. आता विचार करा, एखाद्या निबंधात बीपी असलेल्या स्त्रिया पुरुषांपेक्षा सरासरी जास्त स्थूल असतील, आणि लेखकांनी पृष्ठफळाने भागलं असेल, तर स्त्रियांमधली हायपरट्रॉफी कमी दिसेल. उंचीने भागलं तर जास्त दिसेल. 'स्त्री-पुरुष फरक' म्हणून जे छापलं जाईल त्यातला काही भाग हृदयातला नसेल, भाजकातला असेल. चांगला निबंध दोन्ही भाजकांनी निकाल देतो. एकच दिला असेल तर तोच का, हा प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

तिसरी फुटपट्टी : नॉर्मल कोणाचं?

९५ आणि ११५ या मर्यादा निरोगी समजल्या गेलेल्या लोकांच्या मापांवरून ठरल्या, आणि ते लोक मुख्यतः युरोप-अमेरिकेतले गोरे. लंडनमधल्या लोलिपॉप या अभ्यासात भारतीय वंशाच्या लोकांची डावी पोकळी युरोपीय गोऱ्यांपेक्षा लहान आढळली, शरीराच्या आकाराचा हिशेब केल्यावरही. सफाळ्याच्या बाईला ही मर्यादा लावताना निदान हे माहीत असलं पाहिजे.

ईसीजीतही हाच घोळ आहे. सोकोलो-लायन हा १९४९ चा निकष स्त्री-पुरुष दोघांना ३५ मिलिमीटरची एकच मर्यादा लावतो. कॉर्नेलचा निकष पुरुषांना २८ आणि स्त्रियांना २० मिलिमीटर मानतो. बाईचं हृदय मुळात लहान, छातीवरून येणारा विद्युत संकेतही क्षीण. एकच मर्यादा लावली तर बायका सुटतात. आणि ज्या अभ्यासात ईसीजीवर हायपरट्रॉफी दिसलेलेच लोक घेतले, त्यात आत आलेल्या बायका कोणत्या हे त्या मर्यादेवर ठरतं.

आणि मोजलं कोणाला?

इथे मला माझीच फजिती सांगायला हवी. एम.एस्सी.ला असताना आम्ही गावाकडच्या एका आरोग्य शिबिरात लोकांचं बीपी घेतलं होतं. त्यावर मी दहा पानांचं प्रोजेक्ट लिहिलं आणि मोठ्या ऐटीत निष्कर्ष काढला की आमच्या भागात बीपीच्या बाबतीत पुरुषांची अवस्था बायकांपेक्षा फार वाईट. मॅडमनी पानं उलटली आणि एकच प्रश्न विचारला, "वार कोणता होता आणि किती वाजता?"

बुधवार. सकाळी अकरा.

ज्याने सफाळं बघितलंय त्याला पुढचं सांगायला नको. बुधवारी अकरा वाजता धडधाकट पुरुष बोईसरच्या एमआयडीसीत तरी असतो, नाहीतर लोकल पकडून विरारच्या पलीकडे. शिबिरात येणारे पुरुष म्हणजे निवृत्त, आजारी, किंवा काम सुटलेले. बायकांचंही तसंच. भाजीच्या पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीने गेलेल्या बायका माझ्या तक्त्यात नव्हत्याच. शिवाय अर्ध्या लोकांचं बीपी मी जिना चढून आल्या आल्या, एकदाच, आणि सगळ्यांना एकाच मापाचा पट्टा बांधून घेतलं होतं. मी पुरुष आणि बाई यांची तुलना केलीच नव्हती. घरी राहिलेले पुरुष आणि घरी राहिलेल्या बायका यांची केली होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, पंधरा वर्षांवरच्या लोकांचं बीपी घरी जाऊन तीनदा मोजलं गेलं आणि औषध घेणारेही मोजणीत धरले. देशात बीपी वाढलेल्या स्त्रिया २१ टक्के, पुरुष २४ टक्के. माझ्या शिबिरातल्या दरीपेक्षा हे अंतर कितीतरी लहान आहे.

मोठ्या अभ्यासांनाही हा प्रश्न चुकत नाही. १९९३ चा फ्रेमिंगहॅमचा निबंध बघा. फक्त वरचं बीपी वाढलेले लोक म्हणजे बहुतेक वयस्कर. त्या वयाच्या पुरुषांत लक्षणं न दाखवणारा हृदयधमन्यांचा आजार जास्त असतो, आणि तो आजारही कप्पा पसरवतो. मग पसरणं पुरुष असल्यामुळे की धमन्यांमुळे? एकाच वेळी घेतलेल्या मापांवरून हे सांगता येत नाही. काळाबरोबर त्याच माणसाला पुन्हा पुन्हा मोजावं लागतं.

'जास्त' म्हणजे खरंच जास्त?

लेव्ही आणि सहकाऱ्यांचा १९९० चा निबंध हृदयाच्या वजनावरचा बहुधा सर्वांत जास्त उल्लेखलेला. चाळीस वर्षांवरचे, हृदयविकार नसलेले ३२२० लोक, चार वर्षांचा पाठपुरावा. उंचीच्या दर मीटरमागे हृदयाचं वजन ५० ग्रॅमने वाढलं की हृदयरोगाचा धोका पुरुषांत १.४९ पट आणि स्त्रियांत १.५७ पट. मी हे आकडे एका सेमिनारमध्ये 'स्त्रियांना धोका जास्त' म्हणून ऐकले आहेत. पण विश्वासांतर बघा : पुरुष १.२० ते १.८५, स्त्रिया १.२० ते २.०४. दोन पट्टे जवळजवळ एकावर एक. या आकड्यांवरून सांगता येतं ते इतकंच : जड हृदय दोघांनाही वाईट. फरक आहे असं म्हणायचं तर फरकाचीच चाचणी करावी लागते, ज्याला सांख्यिकीत इंटरॅक्शन म्हणतात. 'स्त्रियांत परिणाम लक्षणीय, पुरुषांत नाही, म्हणून फरक आहे' हे वाक्य निबंधात दिसलं की तिथेच थांबा. मुलाखतीत हा प्रश्न येतो, अनुभवाने सांगते.

मग उरतं काय?

एवढी फाडाफाड करून मी असं म्हणतेय का की फरक नाहीच? नाही. फरक आहे, आणि तो ज्या कामातून मला पटला त्याची रचना वेगळी आहे. २०२० मध्ये जी, चेंग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या चार मोठ्या समूह-अभ्यासांतून ३२,८३३ लोकांची १९७१ ते २०१४ या ४३ वर्षांतली बीपीची मापं एकत्र केली. वयं ५ ते ९८, आणि ५४ टक्के स्त्रिया. बाईची तुलना पुरुषाशी करण्याऐवजी त्यांनी प्रत्येकाची तुलना त्याच्याच लिंगाच्या सुरुवातीच्या पातळीशी केली. तेव्हा दिसलं की स्त्रियांचं बीपी विशीपासूनच जास्त तीव्र चढाने वाढतं. त्या कमी आकड्यावरून सुरू होतात म्हणून चढ लपतो. याचीही मर्यादा आहे : हे हृदयाच्या भिंतीचं माप नाही, बीपीचं आहे, आणि माणसं अमेरिकेतली आहेत. पण आईसारख्या बाईचं बीपी 'थोडंसंच वर आहे' असं म्हणताना ते कुठून वर आलं हे विचारायला या कामाने मला शिकवलं.

आणि दुसरी गोष्ट, जी प्रत्यक्षात सर्वांत जास्त टोचते. जाड भिंत आणि लहान पोकळी असलेलं हृदय आकुंचन जोरात पावतं, म्हणून ईएफ छान येतो. त्याची अडचण सैलावण्यात असते. भिंत ताठ, रक्त भरायला दाब जास्त लागतो, तो दाब मागे फुप्फुसांवर जातो आणि माणसाला पूल चढताना धाप लागते. ईएफ चांगला असूनही होणारं हे हार्ट फेल्युअर स्त्रियांत जास्त आढळतं. '६० टक्के, नॉर्मल' हे उत्तर आईने विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतंच.

माझं म्हणणं इतकंच. या विषयात दोन उलट चुका एकाच वेळी चालू आहेत. निबंधांत फुटपट्टीमुळे पडलेला फरक कधी कधी निसर्गाचा म्हणून खपतो. आणि तपासणीच्या टेबलावर दोघांना एकच फुटपट्टी लावल्याने खरा फरक दिसेनासा होतो. पहिल्या चुकीने आपली पीएचडी बिघडते. दुसऱ्या चुकीने आई पुलावर थांबते.

पुढच्या वेळी असा निबंध हातात आला की समासात हे पाच प्रश्न लिहा. माप किती काटेकोर? कशाने भागलं? मर्यादा कोणावरून ठरली? आत कोण आलं, बाहेर कोण राहिलं? फरकाचीच चाचणी केली का? उत्तरं पहिल्या वाचनात मिळत नाहीत, पद्धतीच्या विभागात आणि तक्त्यांखालच्या बारीक अक्षरांत सापडतात.

आईचं पुढे काय झालं, असं विचारणार हे माहीत आहे. आम्ही आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं बसवून, योग्य मापाच्या पट्ट्याने बीपी घेतलं. घरच्या मापाला १३५/८५ ही मर्यादा मानतात. आईची सरासरी त्याच्या वर होती. इको दुसऱ्या ठिकाणी पुन्हा केला. एक भिंत ११, दुसरी १०. मी हिशेब केला : १४७ ग्रॅम, भागाकार १००. मर्यादेच्या वर, पण एका मिलिमीटरच्या चुकीच्या आवाक्यात. डॉक्टरांनी माझी वही शांतपणे बघितली आणि म्हणाले, "एवढं ताणू नका, बीपी तर वर आहेच ना?" औषध सुरू झालं. सुके बोंबील आणि खारं कमी करायचं ठरलं, त्यावर घरात अजून वाद चालू आहेत. सहा महिन्यांनी पुन्हा इको आहे, त्याच मशीनवर आणि त्याच तंत्रज्ञाकडे करायचा असं मी सांगून ठेवलंय.

(हे वाचून कोणी स्वतःचं किंवा घरच्यांचं औषध बदलू नये. घरात एखादा इको रिपोर्ट असेल तर मात्र वरचं सूत्र घेऊन एकदा हाताने गणित करून बघा. उजवीकडच्या रकान्यात स्त्री-पुरुष वेगळे छापलेत का तेही बघा आणि मला कळवा.)